गोष्ट कुठंय यात? विद्यार्थ्यांचे प्रयोगशील लघुपट बघताना

गेल्या रविवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावरचे काका लॅपटॉप बगलेत धरून आमच्याकडे आले. त्यांची मुलगी कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. वार्षिक प्रदर्शनात तिनं लावलेला व्हिडिओ त्यांनी तीनदा बघितला होता आणि तिन्ही वेळा त्यांना वाटलं होतं की फाइल बिघडलीय.

"तू मालिकांचं एडिटिंग करतेस ना? मग मला सांग, गोष्ट कुठंय यात?"

व्हिडिओ पाच मिनिटं छत्तीस सेकंदांचा. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्याच इमारतीतली, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीची जाळी, कोपऱ्यात तुळशीची कुंडी, आणि समोर पुनर्विकासाला निघालेली चार मजली इमारत. कॅमेरा जागचा हलत नाही. दर तीन सेकंदांनी दिवस बदलतो. आधी समोरच्या गॅलऱ्यांत कपडे वाळताना दिसतात. मग दोऱ्या रिकाम्या. मग खिडक्यांच्या चौकटी गायब, नुसती भोकं. मग वरून एकेक मजला कमी होत जातो. मधेच एकवीस सेकंद पडदा काळाकुट्ट. आणि या सगळ्याला आवाज समोरच्या घणांचा नाहीच, घरातला आहे. कुकर, मिक्सर, नळ, काकूंचं "अगं, दुधाकडे बघ".

हा प्रश्न काकांचा एकट्यांचा नाही. २०२४ च्या मे महिन्यात पायल कपाडियांच्या चित्रपटाला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा मोठा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी तिथल्या विद्यार्थी विभागात, म्हणजे ला सिनेफमध्ये, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला एक कन्नड लघुपट पहिला आला. कपाडियाही त्याच इन्स्टिट्यूटच्या. विद्यार्थी असताना केलेला त्यांचा एक लघुपट २०१७ साली कानच्या याच विभागात होता. २०२४ पासून आमच्या ओळखीतल्या आईबापांना शॉर्ट फिल्म या शब्दाचं कौतुक वाटायला लागलंय. फक्त स्वतःच्या पोराची फिल्म समोर आली की ते गप्प होतात. म्हणून काकांना जे सांगितलं, ते इथं जरा सविस्तर.

आधी नावाचा घोळ

लघुपट म्हणजे छोटा चित्रपट, एवढंच. ऑस्करचा नियम श्रेयनामावली धरून चाळीस मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट मानतो. तो गोष्टीचा असू शकतो, माहितीचा असू शकतो, ॲनिमेशनचा असू शकतो.

प्रयोगशील लघुपटात गोष्ट सांगणं हे पहिलं काम नसतं. चित्रपट ज्या सामानाचा बनतो, म्हणजे चित्र, आवाज, वेळ आणि एका तुकड्याला दुसरा जोडणं, त्या सामानालाच हात घालून बघितलेलं असतं. गडकरी रंगायतनला गाण्याची मैफल ऐकताना गायक अर्धा तास आलाप घेतो. शब्द जवळजवळ नाहीत, आणि असलेच तर "सखी री" एवढेच. तिथं कुणी उठून विचारत नाही की सखीचं पुढं काय झालं. सूर कसा लागतो, कुठं थांबतो, समेवर कसा येतो, हे आपण ऐकतो. कानाला जी सवलत आपण सहज देतो ती डोळ्याला देत नाही, कारण डोळ्याला सिनेमानं लहानपणापासून गोष्टच भरवलीय.

काका गाण्यातले. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

लंगडीचा नियम

असं काम बघताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. करणाऱ्यानं स्वतःवर कुठला नियम घातलाय?

लंगडी आठवा. दोन धडधाकट पाय असताना एक दुमडून घ्यायचा आणि पळायचं. दोन्ही पायांनी लवकर पोचलो असतो, अशी तक्रार लंगडीत कुणी करत नाही. पाय दुमडलाय म्हणूनच तो खेळ. प्रयोगशील लघुपटात बहुतेक वेळा असाच एखादा पाय दुमडलेला असतो. कुणी ठरवतं, कॅमेरा हलवायचा नाही. कुणी ठरवतं, माणूस दाखवायचाच नाही. अमेरिकेतला चित्रपटकार स्टॅन ब्रॅखेज यानं १९६३ साली कॅमेराच बाजूला ठेवला. पतंगांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये दाबली आणि त्या पट्टीवरून फिल्म छापून घेतली. पडद्यावर जे फडफडतं ते मेलेले पंखच, प्रोजेक्टरच्या उजेडानं हलवलेले.

काकांच्या मुलीचे नियम तीन. रोज सकाळी सव्वासातला, एकाच जागेवरून, तीन सेकंद. एकशे बारा दिवस. गुणाकार केला की पाच मिनिटं छत्तीस सेकंद येतात. आवाजाचा नियम मला दुसऱ्यांदा बघताना लागला आणि तो मला जास्त आवडला. आवाज एकाच सकाळचा आहे, सलग, कुठंही न कापलेला. म्हणजे खिडकीबाहेर जवळजवळ चार महिने जातात तेवढ्यात आत एक कुकर होतो.

"अस्सं होय," काका म्हणाले. "मला वाटलं आवाज जोडायला विसरली."

हे आजकालचं खूळ आहे का?

हा आक्षेप हमखास येतो. याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते आपल्या घरातलंच आहे.

दादासाहेब फाळके हे कलाशाळेचे विद्यार्थी होते. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पुढं बडोद्याच्या कलाभवनात शिकले. १९१२ साली ते लंडनला जाऊन सिनेमाचं तंत्र समजून घेऊन आले, कॅमेरा मागवला, आणि मग भांडवलदारांना पटवायचं कसं हा प्रश्न आला. त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा रोवला. अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रं घेत राहिले. पडद्यावर वाटाण्याचा वेल बघता बघता वाढला. 'अंकुराची वाढ' या नावानं ती चित्रफीत ओळखली जाते. 'राजा हरिश्चंद्र' आला त्यानंतर, १९१३ मध्ये.

यामागचं तंत्र सोपं आहे. सिनेमा म्हणजे स्थिर छायाचित्रांची माळ. त्यातल्या एकेका छायाचित्राला फ्रेम म्हणतात आणि एका सेकंदात साधारण चोवीस फ्रेम डोळ्यांपुढून सरकल्या की आपल्याला हालचाल दिसते. दोन फ्रेममधलं खरं अंतर एक दिवसाचं असेल तर चोवीस दिवस एका सेकंदात मावतात. फाळक्यांनी वेळ अशी दाबून बसवली, पाटावर कुरडया दाबाव्या तशी. आपल्या सिनेमाच्या मुळाशी गोष्ट नसलेली, पात्रं नसलेली, एका खिडकीएवढ्या चौकटीतली वाटाण्याची फिल्म आहे, हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा सरसावून बसले. कुंडी तर त्यांच्याही व्हिडिओत आहे.

पुढचा टप्पाही मुंबईतलाच. १९६९ साली चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली. ते पैसे त्यांनी स्वतःपुरते न ठेवता व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप नावाची कार्यशाळा उभी केली, तिथं चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एकत्र काम करायचे. तिथं आलेल्या चित्रकार नलिनी मालानी तेव्हा जे. जे.मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या, पंचविशीही न गाठलेल्या. त्यांनी घरांच्या एका मॉडेलवर रंगीत उजेड टाकून, एकेक फ्रेम घेत चित्रफीत केली. नव्या, आधुनिक घरांचं स्वप्न होतं ते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या विचारांचा त्यावर प्रभाव होता, आणि हे कोरिया म्हणजे वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांच्याबरोबर मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर वसवा असं सांगणारे. १९७० साली सिडको स्थापन झालं आणि आजच्या वाशी, नेरूळ, बेलापूरची आखणी सुरू झाली. १९७६ साली मालानींनी दुसरी चित्रफीत केली. तीत एक बाई खिडकीतून खऱ्या शहराकडे बघतेय, काळ्यापांढऱ्यात. या दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी दाखवतात. एकीकडे स्वप्नातली घरं, दुसरीकडे खिडकीबाहेरचं शहर. नवी मुंबईत घर घेतलेल्या प्रत्येकानं ते एकदा बघावं असं मला वाटतं, पण ते असो.

आणि सरकारसुद्धा यात होतं बरं. १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवावेच लागत. लोक तेवढ्यात बाहेर बटाटेवडा खाऊन यायचे. त्याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती नावाचा माणूस १९६८ ते ७२ च्या दरम्यान असे काही लघुपट करत होता की आजही विद्यार्थी ते बघून चक्रावतात. जिवंत माणसाला बाहुलीसारखं एकेक फ्रेम हलवून त्यांनी चित्रकार आबिद सुरती यांच्यावर एक लघुपट केला, तो १९७२ चा.

तीन सेकंद! आणि इतकं संथ?

दोन्ही तक्रारी काकांनी एकाच दमात केल्या. प्रत्येक दिवस फारच पटकन जातो, आणि एकूण फिल्म फारच संथ आहे. गंमत म्हणजे दोन्ही खरं आहे.

माझं रोजचं काम घोडबंदर रोडवरच्या मालिकांचं. तिथं सासूनं कप आपटला की आम्ही तीन चेहरे दाखवतो, प्रत्येकी तीनदा, खाली ढण्ण असा आवाज. बघणाऱ्यानं काय वाटून घ्यायचं हे आम्ही त्याच्या हातात कोंबतो. त्याला विचार करायला जागा राहू नये याचेच मला पगारात पैसे मिळतात.

दोन तुकड्यांच्या सांध्यात अर्थ कसा तयार होतो हे रशियातला दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यानं शंभर वर्षांपूर्वीच ताडलं होतं. नटाचा एकच निर्विकार चेहरा, एकदा सूपच्या वाटीशेजारी लावला, एकदा शवपेटीशेजारी. बघणाऱ्यांना पहिल्यात भूक दिसली, दुसऱ्यात दुःख. चेहरा तोच होता. भूक आणि दुःख बघणाऱ्यांनी घरून आणलं होतं. आम्ही मालिकेत तो सांधा बुजवून टाकतो. हे विद्यार्थी तो उघडा ठेवतात.

आणि संथपणाचं म्हणाल तर अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलनं १९६४ साली न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगकडे कॅमेरा लावला आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत तेच. आठ तास पाच मिनिटं. मी ते संपूर्ण बघितलेलं नाही आणि बघेन असंही वाटत नाही. त्याच्यापुढं काकांची मुलगी म्हणजे विजेची गाडी. पण त्यातली मेख साधी आहे. एरवी सिनेमा आपली वेळ विसरायला लावतो. इथं वेळ अंगावर जाणवते, सकाळी ठाण्याहून वाशीला जाताना गाडी ऐरोलीच्या आधी उगाच थांबते तेव्हा जाणवते तशी. तेव्हाच आपण खाडीकडे नीट बघतो.

जुन्या साड्यांची गोधडी

प्रदर्शनात आणखी एक प्रकार दिसेल, तो थोडक्यात. स्वतः काहीच चित्रित न करता जुने व्हिडिओ, लग्नाच्या कॅसेटी, व्हॉट्सॲपवर आलेले तुकडे कापून जोडलेले असतात. याला फाउंड फुटेज म्हणतात. आजीनं जुन्या साड्यांची गोधडी शिवली तर कापड तिनं विणलं नाही म्हणून आपण गोधडीचं श्रेय काढून घेत नाही. फक्त साडी कुणाची होती ते विचारायला हवं. दुसऱ्याच्या सिनेमातले तुकडे आणि गाणी वर्गात चालून जातात, बाहेर दाखवताना हक्कांचा प्रश्न उभा राहतो, आणि शिक्षक ते पुरेशा ठासून सांगत नाहीत असं माझं मत आहे.

मोबाईलवर तर कुणीही करेल

करेल की. करून बघा, मी काकांना म्हटलं.

फोन रोज त्याच जागी, त्याच कोनात यायला हवा. मुलीनं खिडकीच्या कट्ट्यावर चिकटपट्टीच्या तीन खुणा केल्या होत्या आणि फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवायची. अडतिसाव्या दिवशी चित्र किंचित डावीकडे उडी मारतं. त्या दिवशी काकूंनी डबा घासायला काढला होता. उजेडाचंही तसंच. फोन आपणहून अंधारातलं चित्र उजळतो आणि उन्हातलं काळवंडतो, त्यामुळं जोडल्यावर चित्र दिव्यासारखं लुकलुकतं. तिनं पहिल्याच दिवशी ती मापं पक्की करून टाकली. म्हणून श्रावणातल्या सकाळी खरंच अंधाऱ्या दिसतात आणि ऑक्टोबरचं ऊन डोळ्यावर येतं. हा निर्णय आहे, चूक नाही, पण फिल्म बघताना तो निर्णय आहे हे कळायला दोनदा बघावं लागतं.

शिवाय घराची खिडकी निवडली हाही शहाणपणाच. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला परवानगी लागते, आणि तलावपाळीवर तिपाई लावली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारायला येतंच. रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे घ्यायचे तर त्यांना विचारायलाही हवं.

मग हे आणि रील, फरक काय?

रीलला मी हिणवणार नाही. काही रील्समधलं संकलन बघून मला हेवा वाटतो. पण रीलला पहिल्या दोन सेकंदांत अंगठा थोपवायचा असतो, कारण खाली पुढचं रील तयारच असतं. प्रदर्शनातला व्हिडिओ एका भिंतीवर, एका हेडफोनसकट, दिवसभर पुन्हापुन्हा चालू असतो. याला लूप म्हणतात. तुम्ही मधेच पोचता, मधूनच निघता. त्यामुळं करणाऱ्याला सुरुवात आणि शेवट यांचा वेगळा विचार करावा लागतो. काकांच्या मुलीच्या फिल्ममध्ये शेवटी रिकामं आभाळ दिसतं आणि लगेच पुन्हा चार मजले उभे राहतात, कपडे वाळत. लॅपटॉपवर हे दिसत नाही, तिथं फाइल संपते. प्रदर्शनात ती इमारत दिवसातून शंभरेक वेळा पडून पुन्हा उभी राहिली असणार.

सगळेच चांगले असतात का?

छे. बरेचसे वाईट असतात. याबद्दल लपवाछपवी करण्यात अर्थ नाही.

वाईट असण्याचे प्रकारही ठरलेले. उदास मुलगी गच्चीवर, खाली पियानो. आरसा फुटतो. इंग्रजी कविता कुजबुजत्या आवाजात. शेजारी भिंतीवर दीड पानाची चिठ्ठी, तीत "अस्तित्व" हा शब्द सहा वेळा. असं काही दिसलं की मी चिठ्ठी झाकून फिल्म बघते. चिठ्ठीशिवाय तिच्यात बघायला काही उरलं तर थांबते. दुसरी खूण म्हणजे नियम काढून टाकला तर काही बिघडतं का? कॅमेरा हलला असता तरी चाललं असतं, तर तो न हलवणं ही नुसती ऐट.

"मला कळलं नाही" आणि "यात काही नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, फक्त आधी पूर्ण बघा.

आणि पोटापाण्याचं?

काका वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं नोकरी करतात. फीच्या पावत्या त्यांनी फायलीला लावून ठेवल्यात. प्रश्न रास्त आहे. प्रयोगशील लघुपट करून घर चालत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण चार महिने एका चौकटीवर ठाम राहणारी, उजेडाची आणि आवाजाची मापं कळणारी मुलगी आमच्या धंद्यात उपाशी राहत नाही. जाहिरात, ॲनिमेशन, ध्वनी, संग्रहालयांची मांडणी, सगळीकडे हेच लागतं. माझ्या हाताखाली सहा महिन्यांसाठी येणाऱ्या मुलांत ज्यांनी असलं काहीतरी धडपडून केलेलं असतं, त्यांना कुठं कापायचं हे लवकर समजतं. मूळ फाइल दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवायला मात्र सांगा, म्हटलं. पदमसींची त्या काळातली एक फिल्म, एकच प्रत असलेली, कायमची हरवली.

ज्यांना जुनं काम बघायचंय त्यांनी पेडर रोडच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात एक दिवस काढावा. दर दोन वर्षांनी होणारा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९० पासून चालू आहे, माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन यांच्यासाठीच. आणि हिवाळ्यात कला महाविद्यालयांची प्रदर्शनं असतातच. चित्रं बघायला जाणारे लोक कोपऱ्यातल्या टीव्हीपाशी थांबत नाहीत, तिथं पाच मिनिटं उभं राहा.

चहा झाला. काकांनी व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी हेडफोन घालून. काळा भाग आला तेव्हा त्यांनी थांबवलं.

"हे बिघडलेलं नाही म्हणतेस?"

"मला नाही वाटत. आवाज चालूच आहे ना? मिक्सर?"

"आहे." त्यांनी बोटांवर हिशोब केला. एकवीस भागिले तीन. "सात. गणपतीला आम्ही सात दिवस गावी होतो."

त्यांनी एक दिवस मागं नेलं. समोरच्या इमारतीचा तिसरा मजला, अर्धवट भिंती, निळी ताडपत्री. मग सगळा काळा भाग ओलांडून पुढं नेलं. तिसरा मजला नव्हता.

"तिसऱ्यावर माझा कॅरमचा पार्टनर राहायचा," काका म्हणाले. "कुलूप लावून निघालो तेव्हा होता की तो मजला."

त्यांनी पुन्हा मागं नेलं, निळ्या ताडपत्रीच्या त्या तीन सेकंदांवर, आणि व्हिडिओ तिथंच थांबवून ठेवला.